वयाबरोबर शहाणपण येतं का? (सोप्यातल्या खांबावरची लाल रेघ)

कृष्णाकाठचा
रविवार, सकाळी ११:२०

परवा नानांना (माझे वडील) ८७ वं लागलं. लेकी-जावई, पोरंटोरं असे पंधराएक जण जमलो होतो. ओवाळून झाल्यावर धाकट्या मेव्हण्याने ठेवणीतलं वाक्य काढलं, "नानांसारखं शहाणपण यायचं तर तेवढे पावसाळे बघायला लागतात." नाना बासुंदीची वाटी खाली ठेवत म्हणाले, "पावसाळे बघितले म्हणून तर एकोणीस साली बुडालो."

सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून हा धागा.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे पाढ्यांसारखं पाठ असतं. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा आमच्या सोप्यात ते गुडघ्याच्या वर चार बोटं होतं. ओसरल्यावर नानांनी दारासाठी आणून ठेवलेला लाल ऑइलपेंट घेतला, चिखलाची खूण ओली असतानाच खांबावर आडवी रेघ मारली आणि खाली '२००५' लिहिलं. पुढची चौदा वर्षं ती रेघ म्हणजे घरातलं ब्रह्मवाक्य. फ्रिजखालचा कट्टा त्या मापाने बांधला, विजेची बटणं त्या मापाने वर घेतली.

ऑगस्ट २०१९. पाणी चढत होतं. नानांनी रेघेवर आडवा पंजा ठेवून एक वीत मोजली आणि म्हणाले, "ह्याच्या वर सामान ठेवा. बास. कृष्णा मला शिकवू नका." मग आम्ही टीव्ही, मिक्सर, तांदळाचे डबे, आईचे फोटोंचे अल्बम असं सगळं कॉटवर आणि टेबलांवर रचलं. तिसऱ्या रात्री पाणी रेघेला लागलं. नाना जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून बॅटरीचा झोत त्या खांबावर धरून होते. रेघ अर्धी बुडाली तेव्हा म्हणाले, "उतरंल आता." पूर्ण बुडाली तेव्हाही तेच म्हणाले. त्यानंतर बोललेच नाहीत. त्या वर्षी पुलावर साडेसत्तावन्न फूट झालं. म्हणजे रेघेच्या वर जवळजवळ चार फूट. आम्ही दोन दिवस माडीवर काढले आणि गॅलरीतून बोटीत उतरलो. नानांना तेव्हा ८१ वं चालू होतं.

आता दुसरी बाजू. शेजारच्या अक्का नानांपेक्षा तीन वर्षांनी लहान, शाळा चौथीपर्यंत. पुलावर ३८ होतं तेव्हाच त्या पिशवी घेऊन मिरजेला भाचीकडे निघाल्या. नाना कट्ट्यावरून म्हणाले, "अक्का, एवढ्यात कुठं? अजून लई अवकाश आहे." त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय नाना पाण्यातलं? म्हणून तर निघाले."

नानांना पाण्यातलं खरंच कळत होतं. कोयना १०५ टीएमसीची, आत्ता किती भरली, किती सोडलं, वारणा कुठपर्यंत फुगली, सगळं तोंडावर. तरी ते अडकले आणि अक्का सुटल्या. मग पावसाळे बघून नक्की येतं काय?

(अलमट्टी धरणावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा. हात जोडतो.)

---

भडंगप्रेमी
रविवार, सकाळी ११:२६

पहिला! चहा-भडंग घेऊन बसलोय. येऊ द्या.

---

लई_भारी
रविवार, दुपारी १२:०५

आमच्या वाळव्याकडं "लई शहाणा हाईस" ही शिवी हाय, तिथनंच समजून घ्या.

आमचं चुलत आजोबा, वय ७६. शेजारच्या रानवाल्याबरोबर बांधावरनं केस. बांध किती? दीड फूट. केस किती? २९ वर्सं. समोरचा बी पंच्याहत्तरीचा. दोघं एकाच यष्टीनं तालुक्याला जात्यात, तारीख घेत्यात, कोर्टाच्या दारात एकाच गाड्यावर च्या पित्यात (पैसं आपापलं) आणि माघारी येत्यात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हंत्यात. ह्यांनी ती झिजवली. तरणी होती तवा निदान मारामारी करून मोकळी तर झाली असती.

---

एमपीएससी_ग्रस्त
रविवार, दुपारी १२:४०

वय २४, विश्रामबागेत खोली करून राहतो, त्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार नाही हे आधीच मान्य. पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी 'हळदीच्या पाण्याने अमुक रोग मुळापासून बरा' टाकणारे सगळे साठीच्या पुढचे आहेत. हळदीचा एवढा मोठा बाजार आपल्याच गावात. तसं असतं तर सांगलीत दवाखाने ओस पडले असते.

अभ्यासातलं एक सांगतो. १९४३ ला याच मुलखात प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटील चाळिशीत होते, पण तुफान सेनेतले कुंडलचे जी. डी. बापू लाड विशीत होते. गावोगावचे तंटे ही पोरंसोरं सोडवत होती, आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या मिशांचे लोक निवाड्याला उभे राहत होते. 'आमचे केस उन्हात पांढरे झाले नाहीत' हे त्यांना तेव्हा कुणी ऐकवलं असेल का?

---

वाईकर_मास्तर
रविवार, दुपारी ३:१५

एमपीएससी_ग्रस्त, अधिकार नाही कसा? आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल सातशे वर्षांपूर्वी एका लहान मुलीने लावून ठेवला आहे. चांगदेव म्हणजे योगसामर्थ्याने चौदाशे वर्षं जगलेला पुरुष, अशी कथा. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यातच अडकले. चिरंजीव लिहावं तर हा ज्ञानाने मोठा. तीर्थरूप लिहावं तर वयाने पोर. शेवटी कागद कोराच धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या ती चांगदेव पासष्टी.

मी सदतीस वर्षं मराठी शिकवलं. दरवर्षी ही गोष्ट सांगताना मुलं मुक्ताबाईच्या बाजूने हसायची आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की मायना अडला ही चांगदेवांची फजिती नव्हतीच मुळी. चौदाशे वर्षांच्या माणसाला लहान मुलाला काय म्हणून हाक मारावी असा प्रश्न पडला, हे थोडं आहे? आमच्या शाळेतल्या एकाही हेडमास्तरला तो कधी पडला नाही. (मलाही नाही. शेवटची सहा वर्षं मी हेडमास्तर होतो.)

आमच्या गावचंच उदाहरण. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्राज्ञपाठशाळेत जुन्या पठडीत शिकले, शास्त्री झाले. पुढे स्वातंत्र्यलढ्यात पडले, मग मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे गेले, आणि साठीच्या आसपास मराठी विश्वकोशाचं काम हाती घेतलं. १९०१ चा जन्म, १९९४ ला गेले. इतकं मोठं आयुष्य मिळालं आणि त्यात आपलं आधीचं मत खोडायची लाज बाळगली नाही. धागाकर्त्याच्या नानांना एक विचारा: ती रेघ मारताना हाताशी पेन्सिल असती तर?

---

कृष्णाकाठचा
रविवार, दुपारी ३:४०

मास्तर, पेन्सिल पुरात राहते का हो? :)

पण मुद्दा पोचला.

---

बेदाणा
रविवार, सायं. ७:५०

तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्ष. अर्ध्याचा बेदाणा करतो.

मास्तरांचं वरच्या पातळीवरचं झालं, मी रानातलं सांगतो. आमचे बापू ७२. फळछाटणी ऑक्टोबरात कधी घ्यायची, कुठल्या डोळ्यावर कात्री मारायची, केवडा रोग येणार का नाही, हे ते पानाची मागची बाजू बोटाने पुसून सांगतात. मी मोबाईलवर हवामान बघतो, दोघांचं जमलं नाही तर बापूंचं ऐकतो. दहात आठ वेळा तेच खरे ठरतात. बेदाण्याचं तर विचारूच नका. मूठभर घेऊन दाबतात, सोडतात. सुटा झाला तर वाळला, गोळा राहिला तर अजून दोन दिवस जाळीवर. यंत्रात ओलावा मोजून बघितला, फरक नाही.

हेच बापू व्यापाऱ्याला तीनदा फसले. तिन्ही वेळा गोष्ट एकच. बाहेरचा माणूस येतो, पहिली गाडी रोख, दुसरी निम्मी रोख, तिसरी "बापू, चार दिवसांत देतो". आणि चौथ्या दिवशी फोन बंद. द्राक्षपट्ट्यात हे कुणाला नवीन नाही. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी विचारलं, अहो, एकदा ठीक, दोनदा ठीक, तीनदा कसं? तर म्हणाले, "ह्यो पोरगा तसला नव्हता. पाया पडला माझ्या."

म्हणजे वेलीच्या बाबतीत पन्नास वर्षांचा अनुभव आणि माणसाच्या बाबतीत शून्य. माझं मत असं झालंय की वेल दर सालाला बापूंना त्यांची चूक दाखवते. मार्चमध्ये माल हातात येतो, छाटणी चुकली का बरोबर हे घडावर लिहिलेलं असतं. व्यापारी चूक दाखवायला थांबत नाही, पळून जातो. मग बापू म्हणायला मोकळे, पोरगा चांगला होता, अडचणीत आला असेल.

---

भडंगप्रेमी
रविवार, सायं. ७:५८

बेदाणा, हिरवा आहे का? दर काय?

---

बेदाणा
रविवार, रात्री ८:०३

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रोखीत.

---

स्टेथोस्कोप
रविवार, रात्री १०:३०

मिरजेत प्रॅक्टिस करते, निम्म्याहून जास्त रुग्ण साठीच्या पुढचे. बेदाणा यांचा शेवटचा परिच्छेद मी कापून ठेवणार आहे. मानसशास्त्रवाले हेच सांगायला जाड पुस्तकं लिहितात.

जमेल तसं सोपं करून सांगते. बुद्धीचे ढोबळ दोन भाग धरतात, रेमंड कॅटेलने केलेली विभागणी आहे ही. एक वाहती: नवीन कोडं सोडवणं, पटकन जुळवाजुळव करणं. दुसरी साठलेली: शब्द, माहिती, अनुभवातून आलेली जाण. वाहती तरुणपणीच उतरणीला लागते. साठलेली बरीच टिकते. वॉर्नर शाय यांनी १९५६ ला सिॲटलमध्ये लोकांची चाचणी घ्यायला सुरुवात केली आणि दर सात वर्षांनी त्यातल्या लोकांना परत बोलावत राहिले. त्यातही हेच दिसलं. शब्दांवरची पकड साठीपर्यंत छान राहते, वेग मात्र आधीच मार खातो. त्यामुळे 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण निम्मीच खरी.

पण हे झालं बुद्धीचं. शहाणपण कसं मोजणार? बर्लिनमध्ये पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयत्न केला. ते लोकांना अवघड प्रसंग द्यायचे आणि मोठ्याने विचार करायला सांगायचे. एक प्रसंग असा: पंधरा वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचंय, काय कराल? "छे, पंधराव्या वर्षी कसलं लग्न" इथेच जो थांबेल त्याला कमी गुण. "नाहीच, पण ती असं का म्हणते? घरी काय चाललंय? तिला कुणी आहे का?" असं जो विचारेल आणि 'मला सगळं माहीत नाही' हे ज्याच्या बोलण्यात येईल त्याला जास्त. (आपल्याकडे हा प्रसंग कागदावरचा नाही. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, आणि तरी अशा मुली माझ्याकडे तपासायला येतात. जास्त गुणांचे प्रश्न विचारणारा घरातला एक म्हातारा मला अजून भेटायचाय.)

निकाल? साधारण पंचविशीपर्यंत हे गुण वाढतात, मग पंचाहत्तरीपर्यंत जवळजवळ सपाट. नुसत्या वयाने वाढ नाही, आणि घटही नाही.

दुसरीकडे इगोर ग्रॉसमन यांच्या २०१० च्या अभ्यासात म्हातारी माणसं पुढे निघाली. लोकांमधले तंटे वाचायला दिले, तेव्हा दोन्ही बाजू बघणं, मधला मार्ग शोधणं, 'पुढे काय होईल सांगता येत नाही' म्हणणं यात साठीच्या पुढचे तरुणांपेक्षा सरस. तेव्हा लई_भारी, तुमच्या चुलत आजोबांना दुसऱ्याच्या बांधाची केस द्या, चुटकीसरशी सोडवतील.

ही थट्टा नाही. ग्रॉसमन आणि क्रॉस यांनीच २०१४ ला ते दाखवलं. माणूस दुसऱ्याच्या अडचणीत शहाणा असतो आणि स्वतःच्या अडचणीत नसतो. आणि वय वाढल्याने हा फरक बुजत नाही. साठ ते ऐंशीचे लोकही त्यात तरुणांसारखेच सापडले. माझ्या वेटिंगरूममध्ये एक काका आहेत, भात कसा सोडावा यावर सगळ्या पेशंटना शिकवणी देतात. त्यांची स्वतःची तीन महिन्यांची साखर दहाच्या खाली आणायला मी चार वर्षं झगडतेय.

---

कृष्णाकाठचा
रविवार, रात्री ११:१२

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि एक गोष्ट आठवून अंगावर काटा आला. सहा वर्षांत आमच्या घरात ही कधी कुणाच्या बोलण्यात आली नव्हती.

नानांची धाकटी बहीण हरिपूरला राहते, संगमाजवळ. ज्या दिवशी नानांनी रेघेवर वीत मोजली त्याच सकाळी आत्याचा फोन आला होता. मी शेजारीच उभा होतो. नाना तिच्यावर ओरडले, "पाण्याची वाट बघत बसलीयस काय? वारणा फुगलीय, संगमावर तुंबेल, ताबडतोब नीघ. भांडीकुंडी गेली उडत." आत्या दुपारी निघाली. तिच्याही घरात नंतर पाणी शिरलं, पण ती बाहेर होती.

फोन ठेवला आणि नाना मला म्हणाले, "टीव्ही उचल, कॉटवर ठेव."

नानांनी एकाच आवाजात दोन हुकूम पाच मिनिटांत दिले आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही. मी तेव्हा शेचाळिसाव्या वर्षात होतो, म्हणजे काही पोर नव्हतो.

---

चिमणी_७१
सोमवार, सकाळी ९:४५

रात्रीच वाचलं, घरचं आवरून आता लिहितेय. सातारा, शाहूपुरी.

इथे नाना, बापू, चुलत आजोबा, काका, चांगदेव. बायका दोनच: एक मुक्ताबाई (लहान मुलगी) आणि एक अक्का (अडाणी, म्हणून सुटल्या). पुरुष म्हातारा झाला की जाणता, बाई म्हातारी झाली की 'म्हातारी बडबडतेय'. असो. मला दुसरंच लिहायचं होतं.

माझ्या सासूबाई आज ७९ आहेत. लग्न होऊन आले तेव्हा घरात पाळी कडक. चार दिवस बाहेरच्या खोलीत, वेगळं ताट, आणि लोणच्याच्या बरणीकडे तर बघायचंही नाही, नासतं म्हणे. मी शिकलेली, नोकरी करणारी. पहिल्या वर्षी भांडले, दुसऱ्या वर्षी रडले, मग सवय झाली. अठरा वर्षं.

माझी लेक बारा वर्षांची झाली आणि तिला पाळी आली. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना ती म्हणाली, आजी, लोणचं. माझा घास हातात तसाच राहिला. सासूबाई उठल्या, फडताळातून बरणी काढली, दादरा सोडला आणि तिच्या पुढ्यात सरकवून म्हणाल्या, "घे तुझ्या हाताने. चमचा कोरडा घे फक्त."

चमचा कोरडा घे. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने, हे त्यांना अठरा वर्षं माहीत असणारच ना?

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. हे शहाणपण होतं की हातातली सत्ता गेल्यावर आलेला मऊपणा? नातीचं प्रेम? की मामंजी आदल्या वर्षी गेले होते, ते? विचारायचं धाडस आजवर झालं नाही. वयाने शहाणपण येत असेलही. पण ते येईपर्यंत त्याची वाट बघणाऱ्याचं काय वय होतं तेही कुणीतरी मोजा.

---

स्टेथोस्कोप
सोमवार, सकाळी १०:०२

काही नाही. फक्त हजेरी लावली.

---

लई_भारी
सोमवार, सकाळी १०:३०

ताई, आमच्यात आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामंजी गेल्यामुळंच." लगेच. इचार बी केला न्हाई.

---

घाटावरचा_उंट
सोमवार, दुपारी १:१०

सगळे भावनिक झालेत म्हणून विरोधी बाकावरून बोलतो.

धागाकर्त्याने अक्कांना उगाच डोक्यावर घेतलंय. मीही गावभागातलाच, त्या अक्का बहुधा माझ्याही ओळखीच्या. अक्का दरवर्षी निघतात! पुलावर पंचवीस झालं की पिशवी भरलेली. पाणी नदीपात्राबाहेरही आलं नाही अशी कितीतरी वर्षं त्या मिरजेला पंधरा दिवस राहून आल्या. बंद घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, तसला प्रकार. २०१९ ला त्या बरोबर ठरल्या म्हणून शहाण्या, आणि नाना चुकले म्हणून मूर्ख? २००५ च्या आधीच्या माणसाला विचारलं असतं तर २००५ सुद्धा येणार नाही म्हणाला असता. नानांनी हातातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याला प्रमाण मानलं. यापेक्षा जास्त तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

उलट प्रश्न: २०२१ ला पाणी परत ५४ च्या आसपास गेलं. तेव्हा नाना कधी बाहेर पडले?

---

कृष्णाकाठचा
सोमवार, दुपारी २:२५

उंटराव, बरोबर पकडलंत. अक्का दरवर्षी निघतात हे खरं आहे, आणि मी ते सोयीस्करपणे गाळलं. गोष्ट छान होत होती, काय करणार.

पण थोडं अक्कांच्या बाजूने. दरवर्षी जाण्याचा खर्च काय? यष्टीचं तिकीट आणि भाचीच्या घरी पंधरा दिवसांचा संकोच. न जाण्याचा खर्च आम्ही बघितला. आईचे अल्बम चिखलातून काढून गच्चीवर एकेक फोटो वाळत घातला होता. लग्नातल्या फोटोत नानांचा फेटा तेवढा शिल्लक राहिला, खाली तोंड नाही. अक्कांचा हिशोब मला आजही तोट्याचा वाटत नाही.

२०२१ ला नाना ३६ लाच निघाले. आम्ही म्हणत होतो थांबा, अजून इशारासुद्धा नाही. ऐकलं नाही. आम्हाला वाटलं बघा, एका पुरात माणूस शिकला. पण मिरजेला गेल्यावर ते रात्री-अपरात्री उठून बसायचे, नळ टिपकला तरी. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तसं. याला शहाणपण म्हणायचं की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: पिशवी घेऊन निघालेला म्हातारा.

---

वाईकर_मास्तर
सोमवार, दुपारी ४:००

उंटराव, तुमचा बहुतेक मुद्दा मान्य. एक सोडून. नाना चुकले ते आकड्यात नाही, 'बास' या शब्दात. एक वीत मोजली ते ठीक, पुढे बास म्हणायला नको होतं.

आणि चिमणीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी आई याच बाबतीत शेवटपर्यंत बदलली नाही, ९१ व्या वर्षी गेली. माझी पत्नी तिचं सगळं करायची, आणि त्या चार दिवसांत आई तिच्या हातचं पाणी घ्यायची नाही. मग पाणी मी द्यायचो. बत्तीस वर्षं मी ते देत राहिलो आणि वर्गात मुक्ताबाई शिकवत राहिलो.

---

एमपीएससी_ग्रस्त
सोमवार, सायं. ६:२०

मास्तर __/\__

---

भडंगप्रेमी
सोमवार, सायं. ६:३५

बेदाणा पोचला. एक नंबर. मूठ दाबून बघितला, सुटा झाला. बापूंना नमस्कार सांगा. (पैसे पोचले का तेही सांगा!)

---

बेदाणा
सोमवार, रात्री ८:१०

पोचले. बापूंना सांगितलं सांगलीचा माणूस माल बघायच्या आधी पैसे देऊन गेला. म्हणाले, "मग चांगला असणार. पाया पडला का?"

---

घाटावरचा_उंट
सोमवार, रात्री ९:००

:D :D

कृष्णाकाठचा, त्या खांबाचा फोटो टाका की. दोन्ही रेघा बघू दे.

---

कृष्णाकाठचा
मंगळवार, सकाळी ८:३०

फोटो काढायला गेलो होतो, जमलं नाही. सांगतो का.

२०१९ ची रेघ कुणी मारलीच नाही. पाणी गेल्यावर घर रंगवलं, रंगाऱ्याने सगळे खांब ओढले. २००५ च्या रेघेपाशी नाना स्वतः उभे राहिले, तेवढी सोडायला लावली. वरच्या खुणेबद्दल काही बोलले नाहीत, रंगाऱ्याने ती झाकून टाकली. पण चुना-मातीचा जुना खांब तो, आषाढ लागला की डोक्याएवढ्या उंचीवर आपोआप तपकिरी पट्टा उमटतो. रंगावर रंग दिला तरी येतो. मोबाईलमध्ये नुसतीच ओल आल्यासारखी दिसते. बघायचं तर घरी या, चहा टाकतो.

नानांनी विचारलं कसले फोटो काढतोयस. सांगितलं, तुमच्यावर लोक चर्चा करतायत. म्हणाले, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, निम्मे म्हणतात तुम्ही चुकलात, निम्मे म्हणतात कुणीही चुकलं असतं. त्यावर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आत्याला फोन लाव. कोयनेचं विचारलं का तिनं, बघ."

धागा काढला तेव्हा पुलावर १८ होतं, आज २६. अक्का सकाळी सातच्या गाडीने गेल्या. नानांनी आपली पिशवी काढून दाराशी ठेवलीय, धोतरं घड्या करून आत आहेत. औषधांचा डबा मात्र अजून टेबलावरच आहे.